डाव्या हाताचा दट्ट्या

“कोणता हात?” कातारीने विचारलं, आणि तिला उत्तर देता येईना.

प्रश्नात अवघड काहीच नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला आपला कामाचा हात कोणता हे सांगता येऊ नये, ही ऐकणाऱ्याने हसावं अशीच गोष्ट. ‘उजवा’ म्हणायला तिने तोंड उघडलं आणि शब्द दातांपाशी येऊन अडला. समोरच्या फळीवर नऊ दट्ट्ये ओळीने उभे होते. कॉफीची दळलेली पूड जाळीच्या वाटीत भरली की ती वरून दाबून सपाट करावी लागते. मग ती वाटी यंत्राला अडकवायची, आणि यंत्र गरम पाण्याचा जोर लावून तिच्यातून दाट अर्क काढतं. दाबायचं ते हत्यार म्हणजे दट्ट्या. खाली पोलादाचं गोल बूड, वर मुठीत मावेल असा लाकडी दांडा. धंद्यातले लोक त्याला टॅम्पर म्हणतात, पण ती कामाला होती त्या कॉफीच्या दुकानातले गुरुजी दट्ट्याच म्हणायचे, म्हणून तीही म्हणायची. नुकतंच बंद झालेलं लेथ अजून तिच्या कानात घरघरत होतं, आणि भुशाचा गोडसर, कोरडा वास घशात उतरत होता. बाहेर शनिवारची दुपार लख्ख पडली होती. ती इथे एक वस्तू निवडायला आली होती आणि हा माणूस तिला भलतंच काहीतरी विचारत होता.

कातारी साठीचा होता. जिन्याच्या कठड्यांचे खांब आणि म्हाताऱ्यांच्या काठ्यांच्या मुठी करण्यात त्याचा जन्म गेला होता. माणसांच्या तोंडाकडे पाहायची त्याला सवयच नव्हती. तो हातांकडे बघून बोलायचा.

“नाही म्हणजे,” तो तिच्या मनगटांना म्हणाला, “दार उघडलंत ते डाव्या हाताने. पिशवी काढून ठेवलीत तीही डाव्याने. आणि माप द्यायला हात पुढे केलात तो उजवा. म्हणून आपलं विचारलं. दांड्याला शेवटी अंगठ्यासाठी खळगी कोरायची असते, ताई. ती एकाच हाताची असते.”

“उजवाच,” ती म्हणाली. “कामाला उजवाच.”

“बरं. मग उजवा.”

त्याने एक दट्ट्या काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिला वाटलं होतं त्याहून तो जड निघाला. टेबलावर वजनकाटा होता, काट्यावर जाळीची वाटी. त्याने सांगून ठेवल्यामुळे तिने दुकानातून कॉफीची पूड डबीत भरून आणली होती. तिने ती वाटीत ओतली, बोटाने सारखी केली, कोपर वर उचललं आणि दाबलं. काट्यावर पंधरा किलो आले. जोर बरोबर होता. जोर तिचा नेहमीच बरोबर असायचा. कातारीने दाबलेल्या पुडीवर रुपयाएवढी गोल पाणसळ ठेवली, गवंडी फरशी बसवताना ठेवतात तशी, पण चिमुकली. आतला बुडबुडा जरा थरथरला आणि सावकाश एका कडेला जाऊन बसला. दुसरा दट्ट्या. बुडबुडा पुन्हा त्याच कडेला. तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी पूड ठोकून काढायची, नवी भरायची, दाबायची, आणि त्या काचेतल्या शहाण्या बुडबुड्याने पुन्हा तिथेच जाऊन बसायचं. पाचव्या खेपेला तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हेच दुकानात होत होतं. गेले तीन महिने हेच.

दुकान एका सात मजली इमारतीच्या तळाशी होतं. वर वकील, विमेवाले, दातांचे डॉक्टर. सगळ्यांची कॉफी खालून जायची. यंत्रावर अठरा वर्षं गुरुजी. ते कुठल्याही शाळेत कधी शिकवायला नव्हते, पण कप विसळतानाही ते समोरच्याला काहीतरी शिकवत असत, त्यावरून नाव पडलेलं. आता गुडघे गेले होते, महिनाअखेरीस ते लेकीकडे राहायला जाणार होते. यंत्र कुणाकडे द्यायचं हा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. नऊ वर्षं ती कप, केक आणि गल्ला सांभाळत होती. मालकीणबाईंनी तिने काढलेले पहिले दोन कप चाखून शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, “एकात काढा आहे, एकात धुवण.” खरंच होतं ते. पूड एका बाजूला उतरती दाबली गेली की पाणीही माणसासारखंच वागतं. सोपी वाट शोधतं आणि पातळ बाजूने पळून जातं. यंत्राला दोन तोट्या, त्यामुळे एका गिऱ्हाइकाचं तोंड कडू होई आणि दुसऱ्याचं वाकडं. गुरुजी शिकवून थकले. “माझ्या मागे मालकिणीचा दट्ट्या आणि तुझ्या हातात माझा,” ते एकदा वैतागून म्हणाले, आणि मग स्वतःच्याच विनोदावर हसून त्यांनी तिचा हात आपल्या फावड्यासारख्या पंजात धरून उलटसुलट पाहिला. “अगं, हा दांडा माझ्या मापाचा आहे. तुझ्या मुठीत तो बसणार कसा? स्वतःचा करून घे.” त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी सांगितलं की सोमवारी अकरा वाजता एक विक्रेता नवं यंत्र घेऊन येणार आहे. दळणं, दाबणं, काढणं सगळं आतल्या आत. बटण दाबलं की कप भरतो. “तुमच्यावर राग नाही हो,” त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या आवाजात खरंच राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं होतं.

“आता त्या हाताने करून बघा,” कातारी म्हणाला.

“कुठल्या?”

“ज्याने दार उघडलंत त्या.”

तिने आजूबाजूला पाहिलं. कारखान्यात त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं, तरी पाहिलं. तिच्या डाव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याच्या जरा वर, एक जागा होती जिथे आत्ता काहीच नव्हतं आणि तरी घट्ट वाटत होतं. वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्यांचं अक्षर असं की लोक पाटी वाचायला नाही, बघायला थांबत. त्यांना मुलगा नव्हता आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. कुंचला मुलीच्या हाती द्यायचा हे त्यांनी ती पाच वर्षांची असतानाच ठरवून टाकलं होतं. पण मुलगी डावखुरी निघाली. डावा हात अक्षरामागून अक्षर पुढे सरके आणि आधीच्या ओल्या रंगावरून मनगट फिरवत जाई. फळीभर निळा चिखल. मग रोज शाळेतून आल्यावर एक तास, वडिलांच्या जुन्या सदऱ्याची मऊ पट्टी तिच्या डाव्या मनगटाला आणि खुर्चीच्या पाठीला. मारणं नाही, ओरडणं नाही. गाठसुद्धा ते हळू मारायचे, दुखतंय का विचारून मारायचे. ती नाही म्हणायची. दुखत नव्हतंच. फक्त तो बांधलेला हात मागे काहीतरी करत राहायचा, बोटं आपली आपण हलायची, अंधारात अक्षरं काढल्यासारखी, आणि पुढचा हात फळीवर कोंबडीच्या पायांसारखं काहीतरी उमटवायचा. दोन वर्षांनी वडिलांनी पट्टी सोडली आणि कुंचलाही काढून घेतला. ती मात्र धड उजवी झाली नाही आणि धड डावी राहिली नाही. हातातून वाट्या पडायच्या, सुईत दोरा जायचा नाही, किल्ली कुलपात उलटी. घरात तिचं नाव धांदू पडलं. पुढे सासरीही ते तिच्या मागोमाग पोहोचलं. नावं अशी पायी चालत येतात. आणि तिने ते इतकं मनापासून घेतलं की दुकानात नऊ वर्षांत एक कप फुटला नाही तरी प्रत्येक कप उचलताना तिला वाटे, हा आता पडणार.

तिने दट्ट्या डाव्या हातात घेतला.

नेमकं काय झालं ते तिला नंतर सांगता आलं नसतं. खांदा खाली आला. उजव्याने दाबताना तो नेहमी कानाकडे चढायचा आणि हे तिला माहीतच नव्हतं. आता तो उतरला म्हणून कळलं. कोपर अंगाजवळ आलं, मनगट सरळ झालं, आणि जोर ढकलावा लागलाच नाही, तो विहिरीत पोहरा उतरावा तसा स्वतःच्या वजनाने खाली गेला. पुडीचा बारीक करकर आवाज झाला. कातारीने पाणसळ ठेवली. बुडबुडा थरथरला आणि मधोमध उभा राहिला.

कातारीने पाणसळ उचलून, फिरवून पुन्हा ठेवली, तरी बुडबुडा मधोमधच.

“योगायोग असेल,” ती म्हणाली.

“असेल की,” कातारी म्हणाला. “पुन्हा करा.”

तिने पुन्हा केलं. मग आणखी सहा वेळा केलं. सातव्या वेळी तिच्या पोटातून हसू फुटलं, आणि ते थांबवायला तिने तोंडावर हात नेला तर तोही डावाच होता.

आता निवडायचं होतं, आणि ही गोष्ट तिला जास्त अवघड जाणार होती. आजवर तिने निवडलं नव्हतं, उरलेलं घेतलं होतं. जावेने नेसून झालेल्या साड्या, भाचीने सोडलेली छत्री, गुरुजींचा दट्ट्या. नवीन वस्तू घेतली तरी हात आधी कडेच्या, जरा खरचटलेल्या नगाकडे जायचा. चांगला नग दुसऱ्या कुणासाठी ठेवलेला असतो असं तिला आतून वाटे. आज ती ओळीपुढे उभी राहिली आणि तिने डावा हात एकेका दांड्यावरून फिरवला. शिसवी दांडा सगळ्यांत देखणा होता, काळाभोर, आरशासारखा. पण तो तळहाताला गार लागला आणि घामाने निसटेल असं वाटलं. अक्रोडाचा उबदार होता पण जाड, मूठ पुरी मिटेना. चेरीचा तांबूस दांडा तिने दोनदा उचलला, दोनदा ठेवला. मग त्याच्या पलीकडचा एक, पिवळसर लाकडाचा, मधोमध एक गाठ असलेला. गाठीभोवती लाकडाच्या रेषा वळसा घालून पुढे गेल्या होत्या, पाणी दगडाला वळसा घालून जातं तशा. तो हातात घेतला आणि बोटांनी आपापल्या जागा घेतल्या. फक्त एक गोष्ट खटकली.

“हा,” ती म्हणाली. आणि मग, आपण हे बोलतोय याचं स्वतःलाच नवल वाटत, “पण उंच आहे. अर्धं बोट कमी करा. आणि खळगी डाव्या अंगठ्याची हवी.”

“लाकूड कमी केलं की परत वाढत नाही,” कातारी म्हणाला.

“माहितीय. करा.”

कातारीने पहिल्यांदा मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग लेथ चालू केलं. पिवळ्या ढलप्या गोल गोल उडू लागल्या. त्याने तीन वेळा थांबून तिच्या हातात देऊन पाहिलं, आणि तीनही वेळा तिने नेमकं सांगितलं, इथे थोडं, इथे नको, आता बास. चौथ्या वेळी तिला सांगायला काही उरलं नाही.

घरी वडील खिडकीशी पेपर वाचत बसले होते. नवरा गेल्यापासून ते तिच्याकडेच असत. एक्याऐंशी वर्षांचे, डोळे अजून शाबूत, बोटं मात्र थरथरणारी. तिने चहा ठेवला, कप त्यांच्यापुढे दिला आणि दट्ट्या टेबलावर उभा केला. वाटभर तिने मनाशी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. म्हातारा माणूस, झालं गेलं गंगेला मिळालं.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही माझा हात बांधून ठेवायचात.”

वडिलांनी पेपर खाली घेतला. आठवत नाही म्हणतील, असं तिला वाटलं. त्या उत्तराची तिने तयारीही केली होती.

“ठेवायचो,” ते म्हणाले. “ओला रंग पुसला जायचा गं. तुझ्या हाताखाली सगळी पाटी जायची. दुसरा इलाज नव्हता.”

“होता. शेवटच्या अक्षरापासून रंगवायला लावायचं. मागून पुढे. मग हात ओल्यावर आलाच नसता.”

हे ती वाटेत विचार करून ठरवून आली नव्हती. ते आत्ताच, बोलता बोलता, जिभेवर आलं होतं. वडील हवेत बघत राहिले. त्यांचं बोट मांडीवर हलायला लागलं, उजवीकडून डावीकडे, एक अक्षर, त्याच्या आधीचं, त्याच्या आधीचं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. चहावर साय धरली.

“चाळीस वर्षं रंगवलं मी,” ते शेवटी म्हणाले. “आणि हे मला सुचलं नाही, धांदू.” त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. “चुकलंच माझं.”

तिला वाटलं होतं की हे शब्द कधी ऐकू आले तर आपण रडू. रडू आलं नाही. भूक लागली, कडकडून, दिवसभर उन्हात खेळून आलेल्या पोरीसारखी. वडिलांनी दट्ट्या उचलला, थरथरत्या बोटांनी मूठ वळवून पाहिली, अंगठा ठेवायला जागा शोधली.

“मला खुपतोय,” ते म्हणाले.

“खुपणारच. माझ्या मापाचा आहे.”

“मग झकास आहे,” वडील म्हणाले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी तिला परत दिला.

सोमवारी ती दीड तास आधी दुकानात गेली. डाव्या हाताने दाबायचं तर नुसता दट्ट्या बदलून भागत नाही, हे तिला रविवारी भांडी घासताना उमगलं होतं. अठरा वर्षं तो ओटा गुरुजींच्या उजव्या हाताभोवती वाढला होता. तिने दळणयंत्र उचलून पलीकडे नेलं, दाबायची रबरी चटई इकडे आणली, फडकं, वापरलेली पूड झाडायची ठोकणी, कपांची उतरंड, सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं मांडलं. हलवलेल्या प्रत्येक वस्तूखाली जुना, फिकट ठसा निघत होता. ते ठसे तिने पुसून काढले. गुरुजी आले, दारातच थबकले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, “अगं, माझं घर फिरवलंस की!”

“हो,” ती म्हणाली. तिने माफी मागितली नाही. मागायचं लक्षातच आलं नाही.

अकराला विक्रेता आला. चकाकते बूट, चकाकतं यंत्र. त्याने बटण दाबलं, आत काहीतरी गुरगुरलं, तोटीतून दोन कप भरले. दोन्ही अगदी सारखे. मालकीणबाईंनी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर बोलावून घेतले होते. रोज चार कप रिचवणारा माणूस, त्याच्या जिभेला त्या मानायच्या. आता तिची पाळी. तिने पूड दळली, वाटी भरली, आणि सवयीने उजव्या हाताने दट्ट्या उचलला. खांदा लगेच कानाकडे चढला. खळगी अंगठ्याला टोचली, चुकलीस म्हणून सांगावं तशी. तिने दट्ट्या खाली ठेवला. सगळे बघत होते. विक्रेता समजूतदारपणे हसला. तिने एक श्वास घेतला, दट्ट्या डाव्या हातात घेतला, आणि त्या क्षणानंतर तिला कुणी दिसेनासं झालं. वाटीची कड, पुडीचा ओलसर काळा वास, पोलाद जाळीवर टेकल्याची जाणीव. खांदा उतरला. हात खाली गेला.

“डावा?” गुरुजी पुटपुटले.

तिने वाटी अडकवली. चार सेकंद काहीच नाही. मग दोन्ही तोट्यांच्या टोकांना एकदमच दोन थेंब लोंबले, काळे, मग तांबूस, आणि दोन बारीक धारा कपात उतरू लागल्या, उंदरांच्या शेपट्यांसारख्या, सारख्याच जाडीच्या, न थरथरता. सत्ताविसाव्या सेकंदाला तिने यंत्र बंद केलं. दोन्ही कपांवर सोनेरी साय एकाच उंचीवर उभी होती.

मालकीणबाईंनी डॉक्टरांना पाठ करून उभं केलं आणि कप एकेक करून हातात दिले. डॉक्टरांनी पहिला प्यायला. “ठीक आहे.” दुसरा प्यायला. “हाही तसाच. ठीक.” तिसरा ओठाला लावला आणि ते वळले, कुणी परवानगी दिली नसताना. “हा कुणी केला?” ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी चौथाही उचलला, चाखला, दोन्ही कप दोन हातांत धरून म्हणाले, “हे दोन मी वर घेऊन जातोय. कुणी अडवू नका.”

मालकीणबाईंनी टेबलावर उरलेल्या विक्रेत्याच्या दोन कपांकडे पाहिलं. मग त्या ओट्यामागे आल्या, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आणखी एकदा करा. मला बघू दे.” तिने केलं. त्यांनी दोन्ही कप स्वतः प्यायले, पुरते, तळापर्यंत. “धुवण कुठे गेलं?” त्या म्हणाल्या आणि हसल्या. विक्रेत्याकडे वळून त्यांनी हात जोडले. “तुमचं यंत्र छान आहे हो. पण आमच्याकडे माणूस आहे.”

विक्रेत्याने यंत्र खोक्यात घातलं तोवर बाराची गर्दी सुरू झाली होती. वकील आले, विमेवाले आले, वरून चिठ्ठ्या आल्या. ती दळत होती, भरत होती, दाबत होती. हात थकला नाही. वाट्या ठोकल्याचा आवाज, वाफेची शीळ, कपांची किणकिण, आणि या सगळ्याच्या मधोमध ती उभी होती, पाय जरा फाकून, एखाद्या नावेवर उभं राहावं तशी. साडेबाराच्या सुमाराला तिने मान वर केली तर रांगेत चौथ्या नंबरावर गुरुजी उभे होते. अंगावर ॲप्रन नव्हता. त्यांना त्याशिवाय तिने कधी पाहिलं नव्हतं. ते एकदम कुणाचे तरी आजोबा दिसत होते. त्यांच्यापुढच्या बाईने त्यांना पुढे जायला सांगितलं तर ते म्हणाले, “नको, नंबराने.” नंबर आला तेव्हा त्यांनी ओट्यावर दोन्ही कोपरं टेकली, अठरा वर्षांत पहिल्यांदा पलीकडच्या बाजूने.

“बोला,” ती म्हणाली.

“एक कॉफी द्या, बाई.”

तिने दिली. गुरुजींनी वास घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटले. मागची रांग चुळबुळली. कशी झाली, हे तिला विचारायचं नव्हतं. तिला माहीत होतं. हे माहीत असणं अंगभर भरून राहिलं होतं, दुपारच्या उजेडासारखं. गुरुजींनी कप रिकामा केला, उलटा करून शेवटचा थेंब पाहिला, आणि तो तिच्यापुढे सरकवला.

“आणखी एक,” ते म्हणाले.

“रांगेत मागे जा,” ती म्हणाली, आणि सगळं दुकान हसलं. गुरुजी सर्वांत मोठ्याने हसले आणि दुखरे गुडघे सावरत, एकेकाला ‘घेऊन बघा’ म्हणून सांगत, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.